खरोखर उत्तम फिलिपिनो हॉटेल कसं शोधायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबई, न्यू जर्सी, सिंगापूर, लंडन इथे राहणारे मराठी मित्र, फिलिपिन्सच्या दावाओ शहरात डॉक्टरकी शिकायला गेलेल्या मुलांचे आईवडील आणि मनिलाला निघालेले प्रवासी हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एक उत्तर दुसऱ्यात मिसळतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिलिपिनो जेवण म्हणजे नेमकं काय? थाई किंवा चिनीसारखंच का?

नाही. थाई जेवणासारखा तिखटाचा जोर इथे नसतो, काही प्रांत सोडले तर मिरची बेतानेच. या जेवणाचा कणा आंबट आहे, त्याच्या जोडीला खारट आणि दोन्हींना सांभाळायला भात. साडेसात हजारांहून जास्त बेटांचा हा देश आहे. चिनी व्यापाऱ्यांबरोबर शेवया, सोया सॉस आणि लुम्पिया म्हणजे सारण भरून गुंडाळलेले रोल आले, तीनशेहून जास्त वर्षांच्या स्पॅनिश राजवटीने बरेचसे शब्द आणि सणासुदीचे पदार्थ दिले, आणि अमेरिकनांच्या काळात डबाबंद मांस स्वयंपाकघरात शिरलं. पण व्हिनेगरमध्ये मांसमासे शिजवणं किंवा मुरवणं आणि आंबट फळांचा रस्सा करणं हे मुळातलं. ‘अदोबो’ हा शब्द स्पॅनिश असला तरी पद्धत स्थानिकांची होती. स्पॅनिश लोकांनी ती पाहिली आणि आपल्याकडचं जवळचं नाव तिला देऊन टाकलं.

चिंच, आमसूल, कैरी, बिंबल यांची सवय असलेल्या कोकणी आणि गोवेकर जिभेला हे जेवण फार लवकर कळतं, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

२. नवीन हॉटेलात गेल्यावर पहिल्यांदा काय मागवायचं?

सिनिगांग. डुकराचं, कोळंबीचं किंवा माशाचं, जे चालत असेल ते. हा आंबट, पातळ रस्सा आहे. त्यात मुळा, चवळीच्या शेंगा, वांगं, नाळीची भाजी, एखादी लांब हिरवी मिरची आणि अळकुड्या असतात. साधा दिसतो, म्हणूनच त्यात लपवायला जागा नसते.

वाडगा समोर आला की आधी चमचा तळापर्यंत नेऊन हळूच फिरवा. कच्ची चिंच उकडून, कुस्करून, गाळून घातली असेल तर रस्सा जरा गढूळ असतो आणि तळाशी बारीक गाळ हलतो. अळकुडी थोडी विरघळलेली असते, त्यामुळे रश्श्याला हलका दाटपणा येतो. आंबटपणा पहिल्या घोटाला पूर्ण कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या घोटाला गालांच्या आत जाणवायला लागतो आणि रेंगाळतो. पाकिटातली पूड घातलेला रस्सा मात्र एकदम टोचतो, लगेच संपतो आणि मागे मीठ ठेवून जातो. फिलिपिनो घरांतसुद्धा ती पूड सर्रास वापरतात, थकून घरी आलेल्या माणसाने वापरली तर काही बिघडत नाही. पण ज्या हॉटेलला आपण उत्तम म्हणणार, त्याने एवढे कष्ट घ्यायला हवेत.

दुसरी खूण भाजीची. नाळीची भाजी शेवटच्या मिनिटाला पडते, ती हिरवी आणि देठाला कुरकुरीत हवी. काळपट, लिबलिबीत झाली असेल तर रस्सा सकाळपासून गरम होत बसलाय असं समजा.

आणि विचारा. "आनो पो आंग पाम्पाआसिम?" म्हणजे "आंबटपणासाठी काय घातलंय?" ‘पो’ हा आदराचा शब्द आहे, तो विसरू नका. चिंच, पेरू, कैरी, कामियास म्हणजे आपलं बिंबल, यांपैकी काहीही उत्तर आलं तर आनंदाने बसा. मी हा प्रश्न विचारल्यावर एका ठिकाणी वाढणारी बाई न बोलता आत गेली आणि तळहातावर चार उकडलेल्या चिंचा घेऊन आली. तिथे मी पुढची तीन वर्षं जात राहिलो.

३. अदोबो तर राष्ट्रीय पदार्थ म्हणतात. त्यावरून पारख का करायची नाही?

कारण अदोबो घरागणिक बदलतो. कोणाचा सोया सॉस घालून काळसर, कोणाचा सोया सॉसशिवाय पांढरा, बातांगास भागात हळद घालून पिवळा, कुठे नारळाच्या दुधातला. आपल्या आमटीसारखंच आहे ते. परक्या माणसाने "तुमची आमटी चुकली" म्हणण्यात अर्थ नाही.

तरी एक गोष्ट तपासता येते. व्हिनेगर घातल्यावर ते न ढवळता उकळू द्यायचं, म्हणजे त्याचा कच्चा भपका उडून जातो, असा तिथल्या आयांचा नियम आहे. पहिल्या घासाला नाकात झिणझिण्या आल्या तर घाई झालेली आहे. मांस मऊ, लसूण विरलेली, रस आटून तेल सुटलेलं हवं. आदल्या दिवशीचा अदोबो जास्त चांगला लागतो, तेव्हा "कालचा आहे" असं कोणी सांगितलं तर तक्रार करू नका.

४. टेबलावर इतक्या बाटल्या आणि वाट्या कशासाठी? पदार्थ अळणी असतो का?

अळणी नसतो. तो मुद्दाम अर्धा सोडलेला असतो. उरलेला जेवणाऱ्याने पुरा करायचा. या चटण्या-रसांना ‘सावसावान’ म्हणतात: व्हिनेगर, सोया सॉस, पातिस म्हणजे माशाचं खारं पाणी, कालामान्सी नावाचं छोटं सुवासिक लिंबू, मिरची, लसूण. प्रत्येकाने आपल्या वाटीत आपलं मिश्रण करायचं. त्यात स्वयंपाक्याचा अपमान नाही.

हॉटेल कसं आहे हे व्हिनेगरच्या बाटलीवरून बरंच कळतं. फिलिपिन्समध्ये त्याला ‘सुका’ म्हणतात आणि तो निपा नावाच्या खाडीकाठच्या ताडवर्गी झाडाचा, माडाच्या ताडीचा किंवा उसाचा असतो. इलोकोस प्रांतातला उसाचा व्हिनेगर गडद आणि भरदार, माडाचा हलका आणि किंचित गोडसर. गोव्यात माडाचं व्हिनेगर वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बाटलीत मिरच्या, लसूण, आलं घालून मुरवलेला व्हिनेगर दिसला तर तो व्हिसायस बेटांवरचा ‘सिनामाक’. असा घरी मुरवलेला सिनामाक ज्या टेबलावर आहे, तिथे स्वयंपाकघरात कोणीतरी मनापासून काम करतंय. प्रयोगशाळेत बनवल्यासारखा नुसता पांढरा व्हिनेगर असेल तर अपेक्षा थोडी खाली आणा.

५. मेनूत सगळेच पदार्थ आहेत. हे चांगलं लक्षण की वाईट?

बहुतेक वेळा वाईट. ‘मराठी जेवण’ म्हणताना आपण खानदेशी भरीत, कोल्हापुरी रस्सा आणि मालवणी तिखलं एकाच हाताला जमेल असं धरत नाही. तसंच इथे. म्हणून हॉटेलात विचारायचा दुसरा प्रश्न: "स्वयंपाकी कुठल्या गावचा?" पाम्पांगाचा असेल तर सिसिग, बिकोलचा असेल तर नारळाच्या दुधातले पदार्थ, इलोकोसचा असेल तर पिनाकबेत ही खारवलेल्या माशाच्या रसातली भाजी, बाकोलोदचा असेल तर इनासाल म्हणजे गवती चहा आणि व्हिनेगरमध्ये मुरवून निखाऱ्यावर भाजलेली, केशरी तेल चोपडलेली कोंबडी.

आणि इलोइलोचा असेल तर तुम्ही नशीबवान. युनेस्कोने २०२३ मध्ये इलोइलोला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं. फिलिपिन्समधलं हे पहिलंच. तिथलं एक कालवण आहे, ‘के-बी-एल’: कादयोस, बाबोय, लांगका. कादयोस म्हणजे तूर, अख्खे दाणे, ज्यांनी रस्सा जांभळट काळा होतो. बाबोय म्हणजे डुक्कर. लांगका म्हणजे कच्चा फणस. आणि आंबटपणासाठी ‘बातुआन’ नावाचं फळ. बाजारात मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाटीत हिरवट पिवळी, सुपारीएवढी आणि त्याहून मोठी गोल फळं होती, देठाशी टोपी. विकणाऱ्या आजींनी एक नखाने फोडलं, आतला गर मिठाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला. जिभेला लागलं आणि मी तिथेच उभा राहिलो, कारण ती चव आमसुलाच्या इतकी जवळची होती. नंतर कळलं की बातुआन आणि आपला कोकम एकाच कुळातले, दोघेही गार्सिनिया. तूर, फणस, कोकमाचा भाऊ, समुद्र ओलांडून तीच पाटी. तेव्हापासून परदेशातल्या फिलिपिनो हॉटेलात ‘के-बी-एल’ दिसलं की मी बाकी काही न वाचता तेच मागवतो, आणि बातुआन खारवून कोणी आणलाय का हे विचारतो.

६. परदेशात अशी हॉटेलं कुठल्या भागात सापडतात?

जिथे फिलिपिनो नर्स, खलाशी, घरकाम करणाऱ्या बायका राहतात किंवा सुटीला जमतात तिथे. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सचा वुडसाइड भाग, रूझवेल्ट अव्हेन्यूवर ६९व्या रस्त्याच्या आसपास. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडल्यावर फिलिपिनो नर्सेस मोठ्या संख्येने या भागात आल्या. जॅक्सन हाइट्समधल्या ७४व्या रस्त्यावर किराणा घ्यायला जाणाऱ्या मराठी माणसाला तिथून हे चालत जाण्याजोगं आहे, आणि तरी कित्येक जण वर्षानुवर्षं तिकडे वळत नाहीत. न्यू जर्सीत जर्सी सिटी, कॅलिफोर्नियात डेली सिटी, लंडनमध्ये अर्ल्स कोर्ट, दुबईत सत्वा, करामा आणि रिग्गा, सिंगापूरमध्ये ऑर्चर्ड रोडवरचा लकी प्लाझा, हाँगकाँगमध्ये सेंट्रलचं वर्ल्डवाइड हाउस.

सिंगापूर-हाँगकाँगमध्ये रविवारी जा. घरकाम करणाऱ्या बायकांची ती सुटी, आणि त्यांच्यासाठी शिजवलेलं अन्न त्या दिवशी सगळ्यात खरं असतं. जागा मिळायला वेळ लागेल, तेवढी वाट बघा. त्यांचा आठवड्यातला तो एकच दिवस आहे, तेव्हा जेवून झाल्यावर टेबल अडवून बसू नका.

७. काचेमागे पातेली मांडलेली असतात, मेनू नसतो. ते शिळं असतं का?

त्याला ‘तुरो-तुरो’ म्हणतात, शब्दशः ‘बोट दाखव, बोट दाखव’. फिलिपिन्समधली ‘कारिन्देरिया’ म्हणजे आपली खानावळ, आणि तिची ही रीत. सकाळी शिजवतात, दुपारपर्यंत संपतं. म्हणून वेळ महत्त्वाची: साडेअकरा ते साडेबारा. तीन वाजता गेलात तर कोपऱ्यात कोरडी पडलेली भाजी मिळेल आणि तुम्ही हॉटेलला दोष द्याल. झाकण उघडून बघायला मागितलं तर कोणी रागावत नाही. वाढणाऱ्या बाईला ‘आते’ म्हणजे ताई, पुरुषाला ‘कुया’ म्हणजे दादा म्हणा.

८. मिशेलिनचे तारे मिळालेल्या हॉटेलांत जावं का?

परवडत असेल तर जरूर. मिशेलिन ही हॉटेलांना तारे देणारी नावाजलेली मार्गदर्शिका. शिकागोचं ‘कासामा’ हे तारा मिळवणारं जगातलं पहिलं फिलिपिनो हॉटेल, २०२२ मध्ये. मनिला आणि सेबूसाठी मिशेलिनची पहिली यादी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्यात ‘हेल्म’ला दोन तारे मिळाले, ‘टोयो ईटरी’ आणि ‘हापाग’ ही एक तारावाल्यांतली. टोयोमधला एक पदार्थ आठवणीत राहतो: मुलांच्या एका जुन्या लोकगीतात येणाऱ्या १८ भाज्या एकाच भांड्यात, बागेसारख्या मांडलेल्या. फिलिपिनो माणसं तो खाताना गुणगुणतात.

पण तारा हे उत्तमपणाचं एक माप झालं. तिथे जायच्या आधी दोन-चार दिवस कारिन्देरियात जेवा. मूळ चव ओळखीची असली की त्यावर कोणी काय रचलंय ते कळतं. उलट्या क्रमाने गेलात तर सुंदर ताटल्या दिसतील, पण त्यामागचं बोलणं ऐकू येणार नाही.

९. सिसिग आणि लेचोन कसं असलं की खरं समजायचं?

सिसिग पाम्पांगाचं. १७३२ च्या शब्दकोशात हा शब्द येतो तो आंबट कोशिंबिरीसाठी. आजचं रूप, म्हणजे डुकराचे कान आणि गाल उकडून, निखाऱ्यावर भाजून, बारीक चिरून, कांदा-कालामान्सीसह चरचरत्या लोखंडी ताटलीवर वाढणं, हे आंजेलेस शहरात १९७० च्या दशकात रुजलं. लुसिया कुनानान या बाईंना त्याचं श्रेय देतात. जवळच्या क्लार्क या अमेरिकन हवाई तळावरून डुकरांची न लागणारी डोकी स्वस्तात मिळत, त्यातून हे घडलं. आंजेलेसमध्ये त्यात मेयोनीज पडत नाही. तुमच्या ताटलीत पांढरा थर दिसला तर ती नंतरची भर आहे. कूर्चेचा कुरकुर आवाज आला पाहिजे.

लेचोन म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर. सेबूत पोटात गवती चहा, पातीचा कांदा, लसूण भरतात आणि सोबत फार तर व्हिनेगर. मनिला ज्यावर आहे त्या लुझोन बेटावर यकृताचा गोडसर दाट सॉस लागतो. दोन्ही बरोबर आहेत. चुकीचं फक्त मऊ पडलेलं कातडं. म्हणून लेचोन सकाळीच घ्या, सेबूजवळ कारकारच्या बाजारात किलोवर विकतात तसं.

१०. शाकाहारी माणसाला काही मिळेल का?

मिळेल, पण विचारूनच. कारण ‘भाजी’ या नावाखाली पातिस, आंबवलेल्या जवळ्याचं बागोओंग किंवा मांसाचे तुकडे असतात आणि बनवणाऱ्याला ते मांसाहार वाटतच नाही. "वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागोओंग" म्हणजे मांस, मासे, पातिस, बागोओंग नको, असं चारही शब्द घेऊन सांगा. नुसतं "शाकाहारी" पुरत नाही.

शुक्रवारी ‘मुंगो’ शिजतात. कॅथलिक उपासाच्या प्रथेमुळे शुक्रवार मुगाचा. आपल्या मुगाच्या आमटीची बहीणच, फक्त त्यात बरेचदा कोळंबी किंवा भाजलेला मासा पडतो, तेव्हा वेगळं करून द्याल का विचारा. लाइंग म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, न ढवळता, नाहीतर घसा खाजतो म्हणतात. आपल्या फदफद्याची आठवण येतेच. पण त्यातही सुकट असते. निर्धास्त खायचं तर गोडाकडे वळा: ‘ताहो’ हा मऊ सोया पदार्थ तपकिरी साखरेच्या पाकात, ‘तुरोन’ म्हणजे केळं-फणस गुंडाळून तळलेलं, जांभळ्या कंदाचा ‘उबे’, जो दुधात करतात.

११. गोमांस किंवा डुक्कर खात नाही. मग?

गोमांसासाठी सावध राहायचे पदार्थ: बुलालो म्हणजे नळीच्या हाडांचा रस्सा, तापा म्हणजे मुरवून तळलेलं मांस, आणि कारे-कारे हे शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातलं बैलाचं शेपूट. मासे आणि कोळंबीचं सिनिगांग (प्रश्न २), कोंबडीचा अदोबो (प्रश्न ३), इनासाल (प्रश्न ५) हे मोकळे मार्ग.

डुक्कर नको असेल तर दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मुस्लिम स्वयंपाक्यांची हॉटेलं शोधा. मारानाओ लोकांचा ‘पियापारान’, म्हणजे हळद आणि किसलेल्या खोबऱ्यातली कोंबडी, कुठल्याही मालवणी घरात आवडेल. ताउसुग लोक ‘तियुला इतुम’साठी खोबरं काळं होईपर्यंत जाळून वाटतात. रस्सा शाईसारखा काळा होतो. त्यात गोमांस किंवा बकरा असतो, तेव्हा आधी विचारा. बकऱ्याचा असेल तर सोडू नका. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आपण तांबूस रंगावर थांबवतो, ते लोक पुढे जातात आणि कडवटपणाच्या अलीकडे थांबतात.

दुबईत बहुतेक फिलिपिनो हॉटेलं डुकराशिवायच चालतात. तिथे सिसिग कोंबडीचं मिळालं तर ते खोटं म्हणून नाक मुरडू नका. आंबट आणि कुरकुरीत आहे का, एवढं बघा.

१२. बागोओंगचा वास सहन होत नाही. ते टाळून चालेल का?

चालेल, पण आधी एकदा चाखा. ‘बागोओंग आलामांग’ म्हणजे आपला जवळा, मीठ लावून आंबवलेला. जवळ्याची चटणी खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. नखाएवढं घ्या आणि कच्च्या कैरीच्या फोडीवर ठेवा. कारे-कारेसोबत ते हवंच, कारण तो रस्सा मुद्दाम मिठाशिवाय केलेला असतो. बागोओंग न देता कारे-कारे वाढणारं हॉटेल मी दुसऱ्यांदा बघत नाही.

१३. महाराष्ट्रात बसून ही चव कळेल का?

सिनिगांग पुरतं नक्की. चार जणांना पाव किलो कच्ची चिंच किंवा बिंबलं उकडून, कुस्करून, गाळून घ्या. दीड लिटर पाण्यात कांदा, टोमॅटो, दोन अळकुड्या शिजवा. मग मुळा, चवळीच्या शेंगा, हिरवी मिरची. मग चिंचेचं पाणी आणि मीठ. शेवटी कोळंबी आणि नाळीची भाजी, गॅस बंद करायच्या तीन मिनिटं आधी. फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. घालायचा मोह होईल, आवरा. सोबत गरम भात. पुढे हॉटेलात गेल्यावर ताडून बघायला तुमच्याकडे हा रस्सा असेल.

१४. जॉलिबी उत्तम फिलिपिनो हॉटेल आहे का?

ते १९७८ पासूनचं फास्ट फूड आहे आणि परदेशातल्या फिलिपिनो माणसासाठी घरची आठवण आहे. कुरकुरीत कोंबडी आणि गोडसर स्पॅगेटी खा, मुलांना आवडेल. तुम्ही शोधताय ती गोष्ट ही नव्हे.

१५. बालुत खाल्ल्याशिवाय खरी चव कळत नाही का?

वाढलेल्या गर्भासह उकडलेलं बदकाचं अंडं हे रात्री रस्त्यावर मिळणारं खाणं आहे. पैज लावून खाऊ नका, आणि लोकांच्या खाण्याचा तमाशा करू नका. मन असेल तर खा, नसेल तर राहू द्या.

१६. एकाच हॉटेलात एक पदार्थ अप्रतिम आणि बाकी सगळं सुमार. त्याला उत्तम म्हणायचं का?

हो. फिलिपिन्समध्ये हीच रीत आहे. इलोइलोच्या ला पाझ बाजारात बात्चोय विकणारी दुकानं आहेत, हाडांच्या रश्श्यात शेवया, यकृत, वर कुरकुरीत चरबी, आणि लोक तिथे दुसरं काही मागत नाहीत. आपणही मिसळीच्या दुकानात पुरणपोळी शोधत नाही. सगळं चांगलं मिळणाऱ्या एका हॉटेलाचा शोध लावण्यापेक्षा वहीत पदार्थापुढे पत्ता लिहा. माझ्या वहीत सिनिगांग एका ठिकाणचं आहे, इनासाल दुसऱ्या, आणि तिसऱ्या ठिकाणी मी फक्त डिसेंबरात जातो, कारण नाताळआधीच्या पहाटेच्या प्रार्थनांच्या त्या नऊ दिवसांत तिथल्या आते केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून बिबिंगका भाजतात. नाव गोव्याच्या बेबिंकासारखं, पदार्थ वेगळा: तांदळाच्या पिठाचा, जाळीदार, वर खारवलेल्या अंड्याचे काप आणि ओलं खोबरं. सकाळी सहाला पोहोचलं तर मिळते, सातला संपलेली असते.